बिनबोभाट बिऱ्हाडकरू

इतका शांत बिऱ्हाडकरू शोधूनही सापडायचा नाही. एकदा आत शिरला की आवाज नाही, भांडण नाही, कसली मागणी नाही. जागा मात्र सोडायची नाही, एवढाच काय तो त्याचा हट्ट. मालकाला बहुतेक वेळा त्याच्या येण्याचा पत्ताच लागत नाही. चार दिवस अंगात कणकण, मानेत एखादी गाठ, थोडा थकवा. ‘हवा बदललीय,’ म्हणून घरातले विषय सोडून देतात. तोवर हा मेंदूच्या, डोळ्याच्या नाहीतर दंडाच्या स्नायूच्या एखाद्या पेशीत जन्मभरासाठी पथारी पसरून बसलेला असतो. जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांच्या अंगात त्याचं असं बिऱ्हाड असावं, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय. दवाखान्यात सगळे नुसतं ‘टॉक्सो’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज उगीचच खाली आणतात.

दिसायला एकदम किरकोळ. अंग एका पेशीचं, लांबी मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीच्या जवळपास. एक टोक निमुळतं, दुसरं बोथट, मधे किंचित बाक. पाय नाहीत, शेपूट नाही, तरी घसरत घसरत चालतो. निमुळतं टोक एखाद्या पेशीला टेकवलं की अर्ध्या मिनिटाच्या आत हा आत. शिरताना त्या पेशीचंच आवरण अंगाभोवती गुंडाळून घेतो, त्यामुळे पेशीच्या पहारेकऱ्यांना हा घरचाच वाटतो. कुळ मोठं आणि बदनाम. मलेरियाचा परजीवी याचा भाऊबंद. दोघांच्याही पेशीत शेवाळाकडून आलेल्या हरितकणाचा एक उरलासुरला अवयव आहे. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या पूर्वजांशी असलेल्या जुन्या सोयरिकीची ती खूण. आता दोघेही दुसऱ्याच्या घरात जेवतात.

मलेरियाच्या परजीवीची पथ्यं फार. त्याला डास लागतो, तोही मादी, तीही ठरावीक जातीची. टॉक्सोला असलं काही लागत नाही. उंदीर, ससा, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, कावळा, माणूस, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं, ज्याचं रक्त गरम ते घर याला चालतं.

त्याची पहिली लेखी नोंद १९०८ सालची. ट्युनिस शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो हे गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर काळा आजाराच्या भाऊबंदांचा शोध घेत होते. त्या गुंडीच्या पेशींत हे वाकडं प्रकरण दिसलं. आधी त्यांना तो ओळखीचाच परजीवी वाटला, मग हा कोणीतरी निराळाच आहे हे लक्षात आलं. त्याच वर्षी तिकडे ब्राझीलमध्ये अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात सापडला. म्हणजे एकाच वर्षी दोन खंडांत पकडला गेला आणि तरीही पुढची तीस वर्षं त्याला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. निकोल यांना पुढे १९२८ साली नोबेल मिळालं ते उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापावरच्या कामासाठी. टॉक्सो त्यांच्या खात्यावर किरकोळ जमा म्हणूनच राहिला.

त्याचा खरा चेहरा दिसला तो तान्ह्या बाळांत. प्रागमधले नेत्रवैद्य योसेफ यांकू यांनी १९२३ साली डोक्यात पाणी झालेल्या एका बाळाच्या दृष्टिपटलात परजीवीच्या पुटी पाहून ठेवल्या होत्या. मग १९३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये वुल्फ, कोवेन आणि पेज यांनी महिन्याभरात दगावलेल्या एका बाळाच्या मेंदूतून तो वेगळा काढला, उंदीर-सशांत वाढवला आणि सिद्ध केलं की बाळाला तो आईच्या पोटात असतानाच मिळाला होता. आईला काहीही झालेलं नव्हतं.

इथून पुढे हा वैद्यकाच्या वहीत कायमचा आला. त्याला रक्तात ओळखण्याची पहिली भरवशाची चाचणी १९४८ साली अल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी बसवली. हे सेबिन म्हणजे तोंडाने द्यायच्या पोलिओ लसीचे सेबिन. चाचणी मोठी खटपटीची होती. जिवंत परजीवी रुग्णाच्या रक्तद्रवात सोडायचे आणि निळा रंग घालायचा. रक्तात टॉक्सोविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर परजीवी रंग धरत नाहीत, नसतील तर निळे होतात. या चाचणीने जगभर रक्तं तपासली गेली आणि तपासणारे चक्रावले. ज्यांना कधी काही झालं नव्हतं अशा लाखो माणसांच्या रक्तात त्याच्या जुन्या मुक्कामाच्या खुणा निघाल्या.

मग प्रश्न आला, हा शिरतो कुठून? संशय मांसावर होता. पॅरिसच्या एका आरोग्यधामात मुलांना पौष्टिक म्हणून अर्धकच्चं मांस देण्याची पद्धत होती. जॉर्ज देमों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तिथले आकडे मांडले. मुलं दाखल होण्यापूर्वी वर्षाला १०० पैकी १० जणांना नवी लागण होत होती. जेमतेम शिजवलेलं गाईचं किंवा घोड्याचं मांस रोजच्या जेवणात आल्यावर हे प्रमाण ५० वर गेलं, आणि तशाच अर्धकच्च्या कोकराच्या चॉप्सनी ते १०० वर नेऊन ठेवलं. कोकराच्या मांसात याच्या पुटी भरपूर असतात, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी दाखवलं नसेल.

पण मांस हे सगळं उत्तर असतं, तर शाकाहारी माणसं सुटायला हवी होती. ती सुटली नव्हती, आणि हे दाखवणारा पुरावा मुंबईतून आला. १९५९ साली रावल यांनी मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांचं रक्त सेबिन-फेल्डमन चाचणीने तपासून तुलना केली. दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखंच निघालं. ज्या घरात कधी अंडंही फुटलं नाही त्या घरातही टॉक्सो आरामात नांदत होता. याचा अर्थ त्याच्याकडे दुसरा दरवाजा होता. तो कुठला हे समजायला आणखी दहा वर्षं गेली.

तो दरवाजा मांजराने उघडला. ग्लासगोत विल्यम हचिसन यांना १९६५ साली मांजराच्या विष्ठेतून लागण होते हे दिसलं. आधी त्यांना वाटलं, परजीवी मांजराच्या पोटातल्या जंताच्या अंड्यात बसून प्रवास करतो. जंत नसलेल्या मांजरांच्या विष्ठेतूनही लागण झाली आणि जंत निर्दोष सुटला. १९७० पर्यंत हचिसन यांच्या गटाने, आणि अमेरिकेत जॅक फ्रेंकेल व जितेंदर दुबे यांनी सगळं चक्र उलगडलं. हे दुबे भारतात पशुवैद्यक शिकून परदेशी गेलेले. पुढे त्यांनी आयुष्यभर टॉक्सोचाच पाठपुरावा केला, इतका की या विषयावरचं कुठलंही पुस्तक त्यांच्या नावाला वळसा घालून लिहिता येत नाही.

चक्र असं. टॉक्सोला सगळीकडे राहता येतं, पण त्याचा संसार थाटतो तो फक्त मांजराच्या कुळात. मांजराच्या आतड्यातच त्याचे नर-मादी तयार होतात आणि तिथूनच त्याची टणक कवचाची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. मांजरच का, याचं उत्तर २०१९ साली विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी दिलं. लिनोलेइक आम्ल नावाचा स्निग्ध पदार्थ मोडणारं एक विकर मांजराच्या आतड्यात नसतं. तो पदार्थ साचतो, आणि टॉक्सोला लग्नाला नेमका तोच लागतो. उंदरांना औषध देऊन ते विकर थांबवलं आणि लिनोलेइक आम्ल चारलं, तर उंदरांच्या आतड्यातही त्याचा संसार सुरू झाला. आणि मांजर हवं म्हणून हा उंदराचंही डोकं फिरवतो. लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या वासाची भीती वाटेनाशी होते, हे २००० साली ऑक्सफर्डच्या प्रयोगात दिसलं. माणसाच्या स्वभावावरही तो असाच परिणाम करतो असे दावे अधूनमधून छापून येतात. त्यांचा पुरावा तोकडा आहे, ते बाजूला ठेवू.

उंदीर खाल्लेल्या मांजराच्या पोटात पहिल्यांदा शिरला की हा कोट्यवधी अंडी टाकतो. हे दोन-तीन आठवडे चालतं, मग थांबतं. त्या मांजराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि सहसा पुन्हा आयुष्यभर ते अंडी टाकत नाही. कुठल्याही दिवशी पाहिलं तर १०० मांजरांपैकी जेमतेम एखादं अंडी टाकत असतं. शिवाय ताजी अंडी लागण करत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या अंगावरून हात फिरवल्याने टॉक्सो होत नाही म्हटलं तरी चालेल. आठवडाभर साफ न केलेली मांजराची पेटी, मांजरं जिथे उकरून बसतात तो बांधकामावरचा वाळूचा ढीग, परसातली मोकळी मऊ माती, ही त्याची खरी ठिकाणं. दमट आणि सावलीच्या मातीत ती अंडी वर्षभर, कधी दीड वर्षसुद्धा तग धरतात. कडक उन्हात कोरड्या मातीत लवकर मरतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनला ती दाद देत नाहीत.

पॅसिफिक महासागरातल्या ज्या प्रवाळबेटांवर मांजर नव्हतं, तिथल्या लोकांत टॉक्सोही जवळजवळ नव्हता. पण मांजर आहे म्हणून प्रत्येक घरात लागण होते असंही नाही. माती आणि पाणी हे दोन मध्यस्थ मधे आहेत. ब्राझीलमधल्या सांता इझाबेल दो इवाई या गावात २००१-०२ च्या सुमारास शेकडो लोक आजारी पडले. गावाच्या पाण्याच्या टाकीजवळ एका मांजरीचं बस्तान होतं. आपल्याकडे कोइमतूरमध्ये २००४-०५ साली डोळ्याच्या टॉक्सोचे रुग्ण अचानक वाढले तेव्हाही बोट शहराच्या पिण्याच्या पाण्याकडेच गेलं. या गावांतल्या किती आजारी माणसांनी मांजराला कधी हातही लावला नसेल!

आता हा बिऱ्हाडकरू घरात शिरल्यावर वागतो कसा ते पाहू, कारण बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीशी त्याचा हिशोब तिथेच सुरू होतो. माणसाच्या अंगात त्याची दोन रूपं. पहिलं घाईचं. नवा शिरला की सहा-आठ तासांत एकाचे दोन, दोनाचे चार होत पेशी फोडत सुटतो आणि रक्तातून सगळीकडे पसरतो. दुसरं रूप संथ. दोन-तीन आठवड्यांत शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्या मागे लागते, तेव्हा तो पुटीत शिरून दार लावून बसतो आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. शरीराचा पहारा कधी पूर्ण कोसळला, तरच दार उघडतो. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांच्या मेंदूत तो असाच उठून बसला आणि डॉक्टरांना त्याची नव्याने ओळख झाली.

गर्भाला धोका आहे तो या घाईच्या रूपाचा. गर्भारपणातच बाईला पहिल्यांदा लागण झाली, तर त्या दोन-तीन आठवड्यांत रक्तातून फिरणारा टॉक्सो वारेपर्यंत पोहोचतो आणि वारेतून बाळापर्यंत. पोटी गर्भ राहण्यापूर्वीच ज्या बाईची त्याच्याशी गाठ पडून गेली आहे, तिच्या रक्तात पहारा आधीच बसलेला असतो. तिची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर बाळाला सहसा काही होत नाही. म्हणजे या आजाराचा सगळा भार ‘लागण झाली का’ यावर नसून ‘कधी झाली’ यावर आहे. गर्भधारणेच्या अगदी तोंडावर झालेल्या लागणीत थोडा धोका उरतो. म्हणून ताजी लागण कळली तर सहा महिने थांबा, असं डॉक्टर सांगतात.

गर्भारपणातही वेळ दोन्ही बाजूंनी कापते. पहिल्या तीन महिन्यांत आईला लागण झाली तर बाळापर्यंत ती पोहोचण्याचं प्रमाण कमी, १०० पैकी दहा-पंधरा. पण पोहोचली तर घाव खोल. गर्भपात होतो, डोक्यात पाणी साचतं, मेंदूत चुन्याचे ठिपके पडतात, दृष्टिपटल जळाल्यासारखं होतं. शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर साठ टक्के किंवा त्याहून अधिक बाळांपर्यंत ती जाते. पण ही बाळं जन्मताना बहुधा धडधाकट दिसतात. हिशोब मागाहून येतो, शाळेत फळा नीट दिसेनासा होतो तेव्हा, कधी कॉलेजच्या वयात एका डोळ्यापुढे ढग येतो तेव्हा.

मेंढपाळांना हे माणसांच्या डॉक्टरांइतकंच जवळून माहीत आहे. न्यूझीलंडमध्ये १९५७ साली कळपच्या कळप गाभडत होते, त्यामागे हाच निघाला. पुढे मेंढ्यांसाठी त्याच देशात लस तयार झाली आणि ती आजही वापरली जाते. मेंढीसाठी लस आहे, बाईसाठी अजून नाही.

बाईच्या अंगात तो कुठल्या दाराने येतो, याची छाननी बऱ्याच देशांत झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात नेपल्स, मिलान, लोझान, ब्रसेल्स, कोपनहेगन आणि ऑस्लो या सहा शहरांतल्या गर्भवती तपासल्या होत्या. ठिकाणागणिक ३० ते ६३ टक्के लागणी अर्धकच्च्या मांसाच्या खात्यावर गेल्या, ६ ते १७ टक्के मातीच्या. घरात मांजर असणं हा धोका म्हणून दिसलाच नाही. आरोपी म्हणून मांजर पहिल्यांदा पकडलं जातं, आणि पुराव्याअभावी सुटतं.

आपल्याकडची दारं थोडी निराळी. मटण कच्चं कोणी खात नाही. कोल्हापुरी रस्सा असो की मालवणी, ते कुकरमध्ये शिट्ट्या होईपर्यंत शिजतं. ६७ अंशांच्या वर मांसाच्या आतपर्यंत उष्णता गेली की पुटी मरतात, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे जातो. अडचण होते ती शिजण्यापूर्वी. मटण धुणारे हात बाईचे. ज्या सुरीने ते कापलं तिनेच पुढे कांदा-काकडी चिरली जाते, ज्या पाटावर ते ठेवलं तिथेच कोथिंबीर. खिमा कालवताना मीठ पाहायला चिमूटभर जिभेवर ठेवणारी बाई घरोघरी सापडेल. शेगडीवरचे कबाब बाहेरून करपतात आणि आतून गुलाबी राहतात. आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवलेलं मांस सुरक्षित असतं असं कोणी समजू नये. साध्या थंडीत पुटी आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. बर्फाच्या कप्प्यात उणे १२ अंशांवर काही दिवस ठेवलं तरच त्या मरतात.

दुसरं दार मातीचं, आणि ते शाकाहारी-मांसाहारी सगळ्यांना उघडं. खुरपणी, निंदणी, भाताची लावणी, कुंड्यांतली माती उकरणं, परसातून उपटलेला मुळा पदराला पुसून तिथेच खाणं. मेथी-कोथिंबीर निवडणारी बोटं अर्ध्या तासात पोळीचा तुकडा मोडतात. आणि डोहाळे! गर्भारपणी मातीचा वास आवडतो, भाजकी माती खावीशी वाटते, बायका लपवून ती खातातही. घरात त्याचं कौतुक होतं. टॉक्सोच्या दृष्टीने मात्र याहून सोपी वाट नाही. तिसरं दार पाण्याचं. ते बाईच्या हातात कमी आणि नगरपालिकेच्या हातात जास्त. घरी एकच उपाय, पाणी उकळून पिणं.

भारतात त्याचं बिऱ्हाड किती आहे, याचा एक अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. चार दिशांतल्या, बाळंतपणाच्या वयातल्या सुमारे दीड हजार स्त्रियांचं रक्त तपासलं. जुन्या लागणीची खूण सरासरी २२ टक्क्यांच्या रक्तात होती. दक्षिणेत सर्वाधिक, ३७ टक्क्यांच्या आसपास. पश्चिमेत सर्वांत कमी, ९ टक्क्यांच्या आत. कोरड्या तापलेल्या मातीत अंडी टिकत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. त्या न्यायाने कोकण-गोव्याच्या ओल्या परसात याला देशावरच्या शेतापेक्षा सुखाचे दिवस मिळायला हवेत.

पण हा ९ टक्क्यांचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नये. त्याची दुसरी बाजू अशी की १०० पैकी ९१ जणींची याच्याशी कधी गाठच पडलेली नाही, म्हणजे त्यांच्या रक्तात पहारा नाही. गर्भारपणात तो भेटला तर पहिल्यांदाच भेटेल. फ्रान्समध्ये हेच चाललं आहे. तिथल्या गर्भवतींमध्ये जुन्या लागणीचं प्रमाण १९९५ साली ५४ टक्के होतं, २०१६ साली ३१ टक्क्यांवर आलं. प्रमाण घटलं म्हणून अर्धकच्च्या मांसाचा शौक असलेल्या या देशाने तपासणी मात्र थांबवली नाही. तिथे १९९२ पासून, जिच्या रक्तात खूण नाही त्या प्रत्येक गर्भवतीचं रक्त दर महिन्याला तपासतात. लागण झालीच तर ज्या महिन्यात झाली त्याच महिन्यात कळावी, हा हेतू. लवकर कळली तर स्पायरामायसिन देऊन ती बाळापर्यंत जाण्यापासून अडवायचा प्रयत्न होतो. बाळापर्यंत गेली असेल तर पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन, सोबत फोलिनिक आम्ल.

आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला रक्त तपासणं नाही. आपल्याकडे आहे तो ‘टॉर्च’चा रिपोर्ट. टॉक्सो, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस आणि इतर काही जंतू यांची ही एकत्र तपासणी. दोन-तीन गर्भपात झालेली बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून तालुक्याच्या गावी येते. टॉक्सोच्या ओळीपुढे लाल शाईत पॉझिटिव्ह. सोबत सासूबाई. “डॉक्टर, हिच्या माहेरी मांजरं फार. तिथूनच आणलंय हिनं.” सून खाली पाहते. आणि कागदावर नीट पाहिलं तर असतं काय? आयजीजी, म्हणजे जुन्या लागणीची प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह; आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची, निगेटिव्ह. म्हणजे कधीकाळी, बहुधा शाळेच्या वयात, टॉक्सो येऊन गेला आणि दार लावून बसला. गर्भपाताशी त्याचा संबंध लावायला त्या कागदात काही आधार नाही. उलट टॉक्सोच्या बाबतीत ही बाई इतरांपेक्षा सुरक्षित आहे. तरी तिला दर खेपेला स्पायरामायसिनच्या गोळ्या लिहून देणारे आहेत, माहेर बंद करणारे आहेत, आणि तिच्यात दोष आहे असं गावभर सांगणारेही आहेत.

आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच हाय खायचंही कारण नाही. आयजीएम कधी कधी वर्ष-दोन वर्षं रक्तात रेंगाळतो. अशा वेळी ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासतात. ही प्रतिपिंडांची पकड मोजणारी चाचणी. लागण जुनी होते तशी पकड घट्ट होते. पहिल्या चार महिन्यांत केलेल्या चाचणीत पकड घट्ट निघाली, तर लागण गर्भ राहण्यापूर्वीची आहे असं धरता येतं, आणि पुढचे सगळे घोर टळतात. ही चाचणी सांगायला अर्धा मिनिट लागतो. ती न सांगितल्यामुळे झालेले घरगुती खटले मात्र वर्षानुवर्षं चालतात.

तर असा हा टॉक्सो. फार हुशार नाही, फार क्रूरही नाही. सतराशे घरांत राहतो, मालकांना बहुधा त्रास देत नाही. फक्त एका विशिष्ट घरात, एका विशिष्ट वेळी पहिल्यांदा आला, तर आत वाढणाऱ्या जिवाचा घात करू शकतो. त्याला बिऱ्हाडासह बाहेर काढणारं औषध आज नाही. पुटी हलत नाहीत. म्हणून त्याला शिरू न देणं एवढाच धडा उरतो, आणि तो गर्भ राहायच्या आधीपासून गिरवायचा. मटण आतपर्यंत शिजवा, कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळी ठेवा, चव घ्यायची ती शिजल्यावर घ्या. भाजी धुऊन वापरा, मातीत काम करून आलात की हात साबणाने धुवा, शक्य तर हातमोजे घाला, मातीचे डोहाळे कौतुकाने पुरवू नका. घरात मांजर असेल तर त्याला शिजवलेलं खाऊ घाला आणि त्याची पेटी रोज साफ करा. ते काम घरातल्या गर्भार बाईचं नाही, नवऱ्याचं.

आणि रिपोर्ट हातात आला की घाबरण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: “ही लागण जुनी की नवी?” जुनी असेल तर सुनेला माहेरी जाऊ द्या, आणि तिथल्या मांजरांनाही सुखाने राहू द्या.